‘रचना : पारंपरिक’ – विदर्भातल्या एका बंदिशकार निवेदिकेचं प्रकरण

जूनमधली दुपार होती. बाईंची आकाशवाणीवर दुपारच्या सभेची ड्यूटी होती. दुसऱ्या एका केंद्राकडून आलेलं ध्वनिमुद्रण शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात लावायचं होतं. सोबतच्या क्यू शीटवर, म्हणजे काय वाजणार याची माहिती असलेल्या कागदावर, गायिकेचं नाव होतं, राग मधमाद सारंग, ताल तीनताल, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘रचना : पारंपरिक लोकगीत’. बाईंनी हेडफोन लावून सुरुवात ऐकून घेतली. शब्द आले, ‘मिरगा, कधी तू येशी रे’.

ही बंदिश, म्हणजे रागात-तालात बांधलेली रचना, बाईंची होती. 2014 चा मृग कोरडा गेला तेव्हा घराच्या पडवीत बसून त्यांनी ती बांधली होती.

माइक उघडायला मिनिटभर उरलं होतं. मी त्या वेळी घरी रेडिओ लावून बसलो होतो. बाईंची ड्यूटी असली की मी ऐकतोच. मी त्यांचा विद्यार्थी आणि पुढे त्यांच्या साथीला बसणारा तबलजी. त्यांनी गायिकेचं नाव सांगितलं, राग सांगितला, ताल सांगितला आणि थांबल्या. दोन सेकंद काहीच ऐकू आलं नाही. मग गाणं सुरू झालं. बंदिश कोणाची, हे बाईंनी सांगितलं नाही असं त्यांच्या अकरा वर्षांच्या निवेदनात मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

संध्याकाळी फोन केला. ‘बाई, आज नाव का नाही घेतलं?’

‘कोणाचं घेऊ? कागदावरचं खोटं होतं, आणि खरं होतं ते माझंच.’

बाईंचं नाव, गाव आणि त्यांची मुद्रा (रचनाकार बंदिशीच्या शब्दांत घालतो ते नाव) मी इथे देत नाही. प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही, आणि त्यात ज्यांच्याकडून चूक झाली त्यांनी ती मुद्दाम केलेली नाही. एवढंच सांगतो की गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याच्या बाजूचं आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला ही नॅरोगेज गाडी दारव्ह्यावरूनच जायची. लहानपणी वडिलांनी त्या गाडीतून मूर्तिजापूरला नेलं आणि ‘वसंतराव देशपांडे इथले, 1920 चा जन्म’ असं फलाटावर उभं राहून सांगितलं, ही बाईंची संगीतातली पहिली आठवण. वडील प्राथमिक शिक्षक आणि गावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. 1940 ते 1971 आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, त्यामुळे पेटी रेडिओवर वाजत नाही अशीच त्यांची तरुणपणची समजूत होती. मुलीनं रेडिओवर जावं ही इच्छा मात्र त्यांची.

बाईंनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद केली, अमरावती विद्यापीठातून संगीतात एम.ए. केलं, आणि लग्न होऊन कपाशी-तुरीच्या घरात आल्या. आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये गायनात बी श्रेणी मिळाली. पुढे नैमित्तिक निवेदक म्हणून निवड झाली. नैमित्तिक म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या. त्यावर घर चालत नाही. घर शेतीवर आणि शिकवणीवर चालायचं. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून शिकवणीला मुलं वाढली. बरीचशी गुणांसाठी येतात, दोन-चार गाण्यासाठी राहतात. सहा ड्यूट्यांसाठी बाई पहाटेच्या एसटीनं जायच्या आणि रात्रीची शेवटची गाडी चुकली तर बहिणीकडे मुक्काम करायच्या.

त्यांच्यासमोर आदर्श होता गायिका प्रभाताई अत्रे यांचा. प्रभाताईंनी आकाशवाणीत काम केलं, मैफिली गाजवल्या, स्वतः बंदिशी बांधल्या, आणि त्या स्वरलिपीसह, म्हणजे स्वर लिहून, पुस्तकरूपात छापल्यासुद्धा. गाणं, रचना आणि प्रसारण एकाच बाईच्या आयुष्यात एकत्र बसू शकतं, हे बाईंना त्यांच्याकडे पाहून पटलं. छापण्याची गोष्ट मात्र त्यांनी मनावर घेतली नाही. ती घ्यायला हवी होती, असं मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

निवेदनात बाईंनी एक सवय लावून घेतली होती. राग, ताल आणि कलाकार सांगितल्यावर त्या बंदिश कोणाची तेही सांगायच्या. पुष्कळदा हे कागदावर नसतं. मग त्या आदल्या दिवशी मुद्रण ऐकायच्या आणि अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, मुद्रा सापडते का ते बघायच्या. ‘सदारंग’ ऐकू आलं की मोहम्मदशहा रंगीलेच्या दरबारातले नियामतखाँ. ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाजखाँ, ‘प्राणपिया’ म्हणजे विलायत हुसेनखाँ, ‘सुजान’ म्हणजे रातंजनकर, ‘गुणिदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, ‘रामरंग’ म्हणजे रामाश्रय झा, ‘चतुर’ म्हणजे खुद्द भातखंडे. एका वहीत त्यांनी या मुद्रांची यादी केली होती. निवेदन लिहिताना ती वही शेजारी असायची.

ही सवय त्यांना कुठून लागली, हे विचारलं तेव्हा त्यांनी भजनी मंडळाकडे बोट दाखवलं. आमच्याकडे निरक्षर म्हातारीलाही अभंग कोणाचा हे ठाऊक असतं, कारण शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ येतं. तुकडोजी महाराज तर आमच्या मुलखातले; 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले, मोझरीला गुरुकुंज उभारला. त्यांचं भजन खंजिरीवर सुरू झालं की शेवटी ‘तुकड्यादास’ यायचाच, आणि तो आला की अख्खं मंडळ मान डोलवतं. गावात रचनाकाराचं नाव गाण्याच्या आतच असतं. शास्त्रीय गाण्याला बसलेल्या सुशिक्षित श्रोत्याला मात्र आपण आत्ता ऐकलं ते कोणी बांधलं, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. बाईंना हे लागायचं, आणि माइक हातात असल्यामुळे आपण ते भरून काढू शकतो असं त्यांना वाटायचं.

आता ती बंदिश. कुमार गंधर्व आजारपणात देवासला राहिले, तिथं माळव्याची लोकगीतं ऐकली आणि त्या धुनांतून पुढे राग उभे केले, हे बाईंनी एम.ए.ला अभ्यासलं होतं. त्यावरून त्यांचा प्रश्न असा होता की वऱ्हाडी बोलीत ख्याल, म्हणजे रागदारी मैफिलीतलं मुख्य गाणं, का गाऊ नये? ब्रजभाषेतल्या सासू-नणंदा, पनघट आणि पिया हे सगळं सुंदर आहे, पण आमच्याकडे वाट पाहायची ती पावसाची. त्या जूनमध्ये धूळपेरणी करून लोक बसले होते, काहींची दुबार पेरणीची तयारी चालली होती. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती आणि दुपारचाच राग सारंग. मधमाद सारंगात गंधार-धैवत नाहीत. सा, रे, म, प आणि कोमल निषाद, एवढ्यावर सगळं. बाई म्हणायच्या, या रागात सावलीच नाही.

शब्द असे होते:

मिरगा, कधी तू येशी रे,
तहानली ढेकळं शिवारी.
धुऱ्यावरी निंब एकला,
तोही वाट पाही रे.

उठाण, म्हणजे सुरुवात, तीनतालाच्या सोळा मात्रांतल्या नवव्या मात्रेपासून, म्हणजे जिथं टाळी नसते त्या खालीवरून. मि-र-गा-ऽ, क-धी-ऽ-तू, आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ‘ये’. पहिल्या दिवशी त्यांनी ‘ये’ ऋषभावर ठेवला, कारण तो वादी, रागाचा मुख्य स्वर. मी ठेका धरून होतो. चार आवर्तनं झाली आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘इथं तर तो आल्यासारखाच वाटतो.’ ऋषभावर सूर बसतो, शांत होतो, आणि न आलेल्या पावसाला बोलावताना शांत होऊन चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘ये’ पंचमावर नेला. शेताच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारावी तसा तो उघडा राहिला, आणि मग ‘शी रे’ला पंचमावरून मध्यम, आणि मध्यमावरून मींडेनं, सूर न तोडता घसरत, ऋषभ. मी पुष्कळ बंदिशींच्या साथीला बसलो आहे. एका स्वराच्या जागेनं अर्थ असा बदलताना माझ्या हाताखाली मी तेव्हाच पाहिला.

‘ढेकळं’मधल्या ‘ळ’वरून आमचा वाद झाला होता. ख्यालात ‘ळ’ अडतो, द्रुत लयीत जीभ वळत नाही. ‘माती’ घाला असं मी सुचवलं. बाईंनी ऐकलं नाही. माती ओली असते, कोरडीही असते. ढेकूळ कोरडंच असतं, असं त्या म्हणाल्या. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तोही शब्द बाहेरच्या श्रोत्याला कळणार नाही हे ठाऊक असून त्यांनी ठेवला.

ही बंदिश त्यांनी त्यांच्या वर्गातल्या मुलींना शिकवली. तोंडी. वहीत शब्द लिहिले होते, पण तारीख घातली नव्हती, स्वरलिपी केली नव्हती, आणि मुद्राही घातली नव्हती. का नाही घातली? ‘अजून माझं एवढं नाव कुठं आहे, असं वाटलं,’ हे त्यांचं उत्तर. सगळ्यांची मुद्रा वहीत टिपून घेणाऱ्या बाईंना स्वतःची घालताना संकोच वाटला. या प्रकरणाचं मूळ माझ्या मते इथंच आहे.

बंदिश गावातून त्या केंद्रापर्यंत कशी पोहोचली, हे आम्ही मागे जात शोधलं. त्यात उपयोगी पडली एक चूक. प्रसारित झालेल्या मुद्रणात गायिका ‘धुऱ्यावरी’ऐवजी ‘दूरवरी निंब एकला’ म्हणत होती. मी बाईंच्या जुन्या विद्यार्थिनींना फोन करून प्रत्येकीला अंतरा म्हणायला लावला. ज्या गावातच राहिल्या त्या सगळ्या ‘धुऱ्यावरी’ म्हणाल्या. एक मुलगी महाविद्यालयासाठी अमरावतीला गेली होती आणि तिनं युवा महोत्सवात ही बंदिश गायली होती. तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीनं ती ऐकून उचलली. मैत्रीण शहरातली, धुरा तिला माहीत नव्हता. तिच्या मोबाइलमधल्या मुद्रणात ‘दूरवरी’ होतं. त्या मैत्रिणीच्या गुरूंकडून ती पुढे आणखी एका गायिकेकडे गेली, आणि तीच आकाशवाणीवर गायली. चार हातांतून गेली आणि प्रत्येकीनं प्रेमानंच पुढे दिली. पहिल्या मुलीनं ‘आमच्या बाईंची’ असं सांगितलं होतं. दुसऱ्या हातात ती ‘यवतमाळकडची’ झाली, तिसऱ्या हातात ‘विदर्भातली’, आणि कागदावर ‘पारंपरिक लोकगीत’.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. हीच बंदिश ब्रजभाषेत असती तर कोणीतरी विचारलं असतं की ही कोणाची. वऱ्हाडी होती म्हणून कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. बोलीतलं गाणं म्हणजे लोकगीत, आणि लोकगीत म्हणजे आपोआप उगवलेलं, असं गृहीत धरलं जातं. पण मधमाद सारंगात, तीनतालात, खालीवरून उठून पंचमावर सम घेणारी गोष्ट आपोआप उगवत नाही. त्यासाठी कोणीतरी दोन दिवस पडवीत बसलेलं असतं.

बाईंच्या सासूबाईंना हे सगळं उगाच वाटलं. त्या म्हणाल्या, ‘त्यात काय एवढं? कापूस कोनं पिकवला हे गाठीवर कोन लिहिते व? गाठीवर नाव जिनिंगचंच असते.’ बाईंनी त्यांना उलट उत्तर दिलं नाही. मला मात्र म्हणाल्या की गाठीवरही लिहायला पाहिजे होतं.

पुढे काय करता येईल हे आम्ही एका वकिलाकडून समजून घेतलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे लिहून किंवा छापून ठेवलेलं संगीत, अशी व्याख्या होती. म्हणजे तोंडी परंपरेतली बंदिश त्या व्याख्येत बसणं कठीण. 1994 च्या दुरुस्तीनं ती अट गेली. आता स्वरलिपी नसली तरी संगीतकृती ती संगीतकृतीच. बंदिशीचे शब्द ही वेगळी साहित्यकृती. नोंदणी सक्तीची नाही. आणि कलम 57 प्रमाणे, हक्क दुसऱ्याला दिले तरी ‘ही कृती माझी’ असं म्हणण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. कायदा बाईंच्या बाजूनं होता. अडचण पुराव्याची होती. तारीख नसलेली वही आणि विद्यार्थिनींच्या आठवणी, एवढंच हातात होतं. शेवटी एका विद्यार्थिनीच्या भावाच्या जुन्या फोनमध्ये 2014 च्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं दोन मिनिटांचं चित्रण निघालं. त्यात बाई गाताहेत, मी तबल्यावर आहे आणि मागे पंख्याचा आवाज आहे.

बाईंनी भरपाई मागितली नाही. त्यांनी केंद्राला पत्र लिहिलं. तीन परिच्छेदांचं, शांत. बंदिश केव्हा बांधली, कोणाला शिकवली, चित्रण कुठलं. शेवटी दोन मागण्या: रचनाकार म्हणून नाव लावावं आणि ‘धुऱ्यावरी’ हा शब्द दुरुस्त व्हावा. दुसऱ्या मागणीवर मी म्हणालो की ती काढा, मूळ मुद्दा बाजूला पडेल. त्यांनी काढली नाही. नाव नसलं तर एका माणसाचं नुकसान आहे, धुरा गेला तर शेतच गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं. आता मला ते पटतं.

गायिकेचा फोन पंधरा दिवसांत आला. तिला खरंच माहीत नव्हतं. तिनं माफी मागितली, धुरा म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि पूर्ण बंदिश नीट शिकायची इच्छा दाखवली. बाईंनी तिला फोनवरच शिकवली. केंद्राकडून उत्तर यायला कितीतरी महिने गेले. नोंद बदलल्याचं कळवलं गेलं. पण तोवर ते मुद्रण लोकांच्या मोबाइलमध्ये ‘विदर्भाचं लोकगीत’ म्हणून फिरायला लागलं होतं, आणि ते कोणाच्या पत्रानं थांबणारं नव्हतं.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. त्या उन्हाळ्यात गावात एका लग्नात हळदीला बायका ‘मिरगा कधी तू येशी रे’ म्हणत होत्या. रागाशी संबंध उरला नव्हता, लय दादऱ्याची झाली होती, नवरीच्या भावाचं नाव घालून दोन कडवी नवी जोडली होती. मी बाईंकडे बघत होतो. त्या जाऊन त्यांच्यात बसल्या आणि जोडलेली कडवीही त्यांच्याबरोबर म्हणू लागल्या. घरी येताना मी विचारलं की इथं नाव नको का? त्यांचं म्हणणं असं की बायकांनी गाण्यात स्वतःचे शब्द घातले, स्वतःची चाल घातली, ते आता त्यांचं आहे. आणि रात्रभर गाऊन त्यांनी कोणाला काही खोटं सांगितलं नाही. क्यू शीट हा कागद आहे. कागदावर रकाना आहे, आणि रकाना भरायचा तर खरा भरावा. मला ही रेघ फार स्वच्छ वाटते. लोकांनी गाणं उचललं यात रचनाकाराचा मान आहे, म्हणून त्यानं नावाचा आग्रह सोडावा, असं पुष्कळ जण तेव्हा बाईंना समजावत होते. त्या लोकांनी या दोन गोष्टींची गल्लत केली होती.

त्यानंतर बाईंच्या कामाची पद्धत बदलली. नवी बंदिश झाली की त्याच दिवशी तारीख घालून भातखंडे पद्धतीनं स्वरलिपी लिहायची, मोबाइलवर एकदा गाऊन ठेवायची, आणि शिकवताना आधी मुद्रेचा अर्थ सांगायचा. मुद्रा आता त्या घालतात. मात्र ती कुठं घालायची यावर त्यांनी वर्षभर विचार केला. मुद्रा सहसा अंतऱ्यात असते. रेडिओवर दहा मिनिटांत ख्याल बसवायचा म्हटलं की बरेच गायक अंतरा एकदाच घेतात किंवा गाळतात. स्पर्धेत तर वेळेअभावी तो सर्रास जातो. अंतरा गेला की रचनाकारही गेला. म्हणून बाई आता मुद्रा स्थायीत, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागात, आणि जमल्यास समेवर नेणाऱ्या मुखड्याजवळ बसवतात, म्हणजे प्रत्येक आवर्तनाला ती येईल. हे सोपं नाही. नाव नावासारखं घुसवलं तर बंदिश बिघडते. ते शब्दाच्या अर्थात विरघळलं पाहिजे आणि तरी ऐकू आलं पाहिजे. त्यांच्या झपतालातल्या एका बंदिशीत मुद्रा तिसऱ्या मात्रेच्या टाळीवर येते. ती तिथं बसेपर्यंत मी दीड महिना तोच ठेका वाजवत होतो.

केंद्रावरही एक फरक पडला. बाईंनी बंदिशकारांवर एक छोटी मालिका सुचवली आणि ती मंजूर झाली. प्रत्येक भागात एक मुद्रा आणि त्या माणसाची एक रचना. सदारंगांपासून सुरुवात करून त्या आजच्या रचनाकारांपर्यंत आल्या. स्वतःवर भाग केला नाही. मी आग्रह केला, त्यांनी ऐकलं नाही. निवेदकानं स्वतःचं नाव स्वतःच्या पाळीत घ्यायचं नसतं, असं त्यांचं ठाम मत आहे. इथं मी त्यांच्याशी आजही सहमत नाही. अकरा वर्षं ज्या तोंडानं इतकी नावं घेतली त्या तोंडाला आपलं एक नाव घ्यायचा हक्क होता, आणि त्या दुपारच्या दोन सेकंदांत ते घेतलं असतं तर श्रोत्यांपैकी कोणालाही ते वावगं वाटलं नसतं.

एक अडचण तशीच आहे. सुगम संगीताच्या संगीतकारांना आकाशवाणीची मान्यता मिळते. बाईंना गायिका म्हणून श्रेणी आहे, निवेदिका म्हणून ड्यूटी आहे, पण ज्या कामात त्यांचा सगळ्यात जास्त जीव आहे त्या ख्यालाच्या बंदिशी बांधणारी म्हणून त्यांना कागदावर जागा नाही. त्यांच्या परिचयपत्रात ‘गायिका, निवेदिका, संगीत शिक्षिका’ असं लिहिलेलं असतं. मागच्या वर्षी मी त्यात ‘बंदिशकार’ हा शब्द पहिला घातला. त्यांनी तो खोडला नाही.

गेल्या महिन्यात आणखी एका ठिकाणी, शहरातल्या एका मैफिलीत, ‘मिरगा’ पुन्हा लोकगीत म्हणून जाहीर झालं. शब्द ‘दूरवरी’च होता. बाईंनी पत्र सांगितलं, मी टाइप केलं. सोबत तारखेसह स्वरलिपीचं पान जोडलं, ‘धुरा’ या शब्दाखाली रेघ मारली आणि सकाळच्या टपालात टाकलं.